फणसाच्या चाळीस पिशव्या

"ओरडू नगंस," तात्या म्हणाले, "मला ऐकू येत न्हाई."

मी नर्सरीच्या फाटकात उभी राहून बोंबलत होते. ‘मी हितं काम करणार न्हाई’ हे तीनदा ठणकावून सांगून झालं होतं. आई शरमेनं मान खाली घालून बाजूला उभी होती. आणि हा डोक्याला टॉवेल गुंडाळलेला म्हातारा, हातातली झारी खालीसुद्धा न ठेवता, माझ्या तोंडाकडं नुसता बघत होता.

"मोठ्यानं बोललं की ढग गडगडल्यागत वाटतंय नुसतं," ते म्हणाले. "सावकाश बोल. तोंडाकडं बघून समजतंय मला. काय म्हणत हुतीस?"

आता तुम्हीच सांगा, ‘मी काम करणार नाही’ हे कुणी सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगतं होय? त्यातली सगळी हवाच जाते.

"बरं, चल मग," म्हणत तात्या वळले आणि चालायला लागले.

ही पंच्याऐंशी सालची गोष्ट. मी चौदा वर्षांची होते, नववीत होते, म्हणजे असायला हवं होतं. जून महिना निम्मा झाला होता, सगळी पोरं शाळेत बसली होती आणि मला शाळेनं बाहेर काढलं होतं. पहिल्यांदा नव्हे, तिसऱ्यांदा. आमच्या वाडीच्या शाळेत मी एकीच्या डोक्यात पाटी घातली म्हणून काढलं. मग मामाच्या गावच्या शाळेत घातलं, तिथं खिडकीची काच फोडली. तिसरी ही खालच्या गावातली इंगवले सरांची शाळा. तिथं मी कुणाला मारलं नाही, काही फोडलं नाही. फक्त घंटेचा टोला उचलला आणि शाळेच्या विहिरीत टाकला. तुळईला टांगलेला लोखंडी रूळ हीच आमची घंटा, आणि ती बडवायचा लोखंडी हातोडा तो टोला. चांगला दोन किलोचा होता. पाण्यात पडला तेव्हा अख्ख्या शाळेनं आवाज ऐकला.

माझा राग असा होता की यायच्या आधी मलासुद्धा पत्ता लागायचा नाही. पायाची आग मस्तकात जायची आणि काहीतरी होऊन गेल्यावर मी तिथं उभी असायची, सगळे माझ्याकडं बघत असायचे.

माझे वडील, आबा, साखर कारखान्यात होते. त्यांनी त्या दिवशी हात उगारला नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. भाकरी खाऊन हात धुतला आणि म्हणाले, "आता बास. इचलकरंजीला आक्काकडं पाठवतो. मागावर सुताच्या कांड्या भरील. तेवढंच लग्नापतुर."

आई दुसऱ्या दिवशी एकटीच शाळेत गेली. तिनं इंगवले सरांचे पाय धरले की काय केलं, मला माहीत नाही, तिनं कधी सांगितलं नाही. सर कडक होते, पण एका शब्दाचे होते. ते म्हणाले, "महिनाभर मला ही शाळेत दिसता कामा नये. वनमहोत्सवाची रोपं न्यायला मी तुमच्या नर्सरीत येणार आहेच. तिथल्या तात्यांनी सांगितलं की पोरगी आता माणसात आली, तर घेतो. नाहीतर दाखला घेऊन जा."

आई सरकारी नर्सरीत रोजंदारीवर पिशव्या भरायला जायची. महिना तिथं काढायचा, तात्या चांगलं बोलले तर शाळा, नाहीतर इचलकरंजी. एवढाच हिशेब होता.

पहिल्या दिवशी तात्यांनी मला पिशव्या भरायला बसवलं. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत माती, शेणखत आणि वाळू. ठोकून ठोकून भरायची, नाहीतर पिशवी कंबरेत मोडते. माझी दहावी पिशवी मोडली तेव्हा मी ती टराटरा फाडली आणि शेजारच्या चार लाथेनं उडवल्या. आईनं तोंडावर हात घेतला.

तात्या आले. बघितलं. "फाडलीस? बरं. आता तीच माती दुसऱ्या पिशवीत भर."

बस्स, एवढंच. ना शिवी, ना उपदेश. मी भरली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा डोकं फिरलं, कशावरून ते आता आठवत नाही. तात्यांनी माझ्या हातातली झारी काढून घेतली आणि ओढ्याकडं बोट केलं. "तिकडं जाऊन बस. उतरला की ये. न्हाई उतरला तर जेवायला तरी ये."

ओढ्याकाठी एक वाकडं करंजाचं झाड होतं. मी त्याच्या मुळीवर फतकल मारून बसले. समोर चिखलात बिळं होती. बराच वेळ गेला आणि एका बिळातनं करंगळीच्या नखाएवढा खेकडा बाहेर आला. मग दुसरा. मी माशी हाकलायला हात हलवला, दोन्ही आत पळाले. मला गंमत वाटली. पुन्हा दगडासारखी बसले. या खेपेला तिघे आले. सात खेकडे बाहेर यायला किती वेळ न हलता बसावं लागतं, हे मला त्या महिन्यात नेमकं कळलं. एवढा वेळ मी आयुष्यात कधी एका जागी बसले नव्हते. शाळेत तर नाहीच नाही.

हळूहळू मी न सांगता ओढ्यावर जायला लागले. राग नसला तरी जायची. सकाळी पाणी घालताना कुठलं पान हिरड्याचं, कुठलं बेहड्याचं हे ओळखू यायला लागलं. तात्यांशी बोलायचं तर जवळ जावं लागायचं, तोंडासमोर उभं राहावं लागायचं, सावकाश बोलावं लागायचं. त्या नादात आईशीपण तशीच बोलायला लागले. एका सकाळी आई चुलीपुढं बसून म्हणाली, "मालन, आठ दिस झालं, तू झोपेत दात खाईनास बघ."

"मी दात खायची?"

"अगं, करवतीगत. शेजारच्या अंजीला ऐकू जायचं."

मी हसले. आई माझ्याकडं बघतच राहिली. लेक हसताना बघून अशी गडबडून गेलेली आई तुम्ही बघितली नसेल.

मग एका बाजाराच्या दिवशी तात्यांनी मला फणसाचा वाफा दाखवला. चाळीस पिशव्या, गेल्या पावसाळ्यात घातलेल्या आठळ्यांची रोपं, गुडघ्याला लागतील एवढी. "ही तुझी. पाणी तू घालायचं, तण तू काढायचं. आणि ह्यो एक नेम कधी चुकवायचा न्हाई."

त्यांनी एक पिशवी उचलली. खालच्या भोकातनं पांढरं मूळ बाहेर आलं होतं आणि भुईत शिरत होतं. तात्यांनी खिशातनं पातं काढलं आणि कचकन ते मूळ कापून टाकलं.

मी त्यांच्या तोंडापुढं गेले. "कशाला कापलं?"

"दर दुसऱ्या बाजाराला पिशवी उचलायची, खालचं मूळ कापायचं, दुसरीकडं ठेवायची. मूळ एकदा भुईत गेलं की रोप हितलंच झालं. मग न्हेताना तुटतंय, आन् मरतंय. उचलायची सव लागली पायजे त्याला."

कापलेल्या रोपानं संध्याकाळपर्यंत मान टाकली. पानं अशी लोंबली की मला जेवण गेलं नाही. दोन दिवसांनी ते सावरलं, हे खरं. पण मला ती टाकलेली मान काही विसरता येईना.

दुसऱ्या बाजाराचा दिवस आला. तात्यांनी मला पातं दिलं. मी वाफ्याजवळ बसले, पहिल्या पिशवीला हात लावला, आणि उठले. पातं धुऊन परत दिलं.

"केलंस?"

तोंडासमोर उभी राहून, सावकाश, एकेक शब्द सुटा करून मी म्हणाले, "केलं, तात्या."

म्हातारा मान हलवून निघून गेला. माझ्यावर विश्वास टाकणारा तो पहिलाच माणूस होता, आणि मी त्यालाच गंडवलं. पण तेव्हा मला वाटलं होतं, मी फणसांना वाचवलं.

आणि काय सांगू, काय वाढले ते! बाकीचे वाफे उचल-ठेव करून जागच्या जागी राहिले होते. माझे फणस वीतभर उंच गेले, पानं हिरवीकंच, तेल लावल्यासारखी. बायका काम टाकून बघायला यायच्या. "पोरीच्या हाताला गुण हाय गं," म्हणायच्या. आईची छाती फुगायची. माझीपण. मी त्यांना नावं ठेवली होती, चाळीसच्या चाळीस. त्यांच्याशी बोलायची. माझ्याकडं दुसरं बोलायला होतं कोण?

वनमहोत्सवाच्या दिवशी सकाळी इंगवले सर आले. मागं ट्रॅक्टरची ट्रॉली, ट्रॉलीत माझ्या वर्गातली आठ-दहा पोरं. मला बघून ती एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. आई हात पुसत पुसत धावत आली. आबांनी सकाळीच सांगून ठेवलं होतं, "आज काय ते होऊ दे. न्हाईतर रविवारच्या गाडीनं इचलकरंजी." माझी पत्र्याची पेटीसुद्धा माळ्यावरनं खाली काढून ठेवली होती.

सर वाफ्यांतनं फिरत फिरत फणसांपाशी येऊन थांबले. "अरे वा! ही कुणी केलीत?"

"ह्या पोरीनं," तात्या म्हणाले.

सरांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. "हिनं? मालननं?"

"पोरगी चांगली हाय, सर. महिनाभर बघितली मी. कामाला वाघ हाय. घ्या तिला."

झालं. एवढंच तर हवं होतं. सर माझ्याकडं वळले आणि चक्क हसले. "उद्यापासून ये शाळेत. आणि हीच रोपं नेतो मी. शाळेच्या दारात लावू, म्हणजे येता-जाता तुला दिसतील." मग पोरांकडं वळून म्हणाले, "चला रे, उचला."

आईनं पदर डोळ्याला लावला. मला वाटलं, आता पळत ओढ्यावर जावं आणि खेकड्यांना सांगावं.

सरांनी स्वतःच वाकून पहिली पिशवी उचलायला घेतली. ती उचलेना. त्यांनी जोर लावला. खालून ‘कट्’ असा आवाज झाला आणि पिशवी वर आली. सरांच्या काही ध्यानात आलं नाही. "जड आहे की," म्हणाले आणि पिशवी ट्रॉलीकडं द्यायला लागले.

तात्यांना आवाज ऐकू गेला नसणार. पण त्यांनी पिशवीची खालची बाजू बघितली. करंगळीएवढं जाड सोटमूळ तुटून लोंबत होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी काय केलं होतं ते त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे मला कळलं.

पोरं वाफ्याकडं यायला लागली. मला त्या घटकेला जे दिसलं ते असं: गप्प राहिले तर उद्या मी शाळेत. चार दिवसांत चाळीस फणस शाळेच्या दारात वाळतील. म्हणतील, पोरांनी पाणी घातलं नाही, उन्हानं गेले, नशीब. कुणाच्या बापाला कळायचं नाही. तात्या तर बोलणारच नव्हते, त्यांच्या तोंडावर ते लिहिलेलं होतं.

मी पळत जाऊन वाफ्यापुढं आडवी उभी राहिले. हात पसरून.

"बाजूला हो," सर म्हणाले.

मी हलले नाही.

"मालन!" आई ओरडली.

ट्रॉलीतलं एक पोरगं फिदीफिदी हसलं. "आला बघा तिला झटका!" सरांचा चेहरा क्षणात बदलला. "हे असं आहे तर. अजून तेच. तात्या, ही सुधारली म्हणालात तुम्ही?"

माझ्या कानशिलाला ठणका लागला. तो मला ओळखीचा होता. त्यानंतर काय होतं तेही ओळखीचं होतं. हाताशी कुदळ होती. मी तिच्याकडं बघितलं, आणि कसं कोण जाणे, मला ती बिळं दिसली. हललं की सगळे आत पळतात. मी हलले नाही. ठणका उतरेपर्यंत उभी राहिले. मग दोन पावलं पुढं जाऊन सरांच्या तोंडासमोर उभी राहिले आणि तात्यांशी बोलायची तशी, सावकाश, सुटं सुटं बोलले.

"सर, ही रोपं नेऊ नका. मरतील. मूळ कापायचं असतं, मी कापलं नाही. तात्यांनी विचारलं, मी ‘केलं’ म्हणून सांगितलं. मी खोटं बोलले. म्हणून ही एवढी वाढलीत."

ट्रॉलीवरचं पोरगं हसायचं थांबलं.

सर म्हणाले, "हे आत्ता सांगितलंस म्हणजे काय होतं, कळतं तुला? खोटं बोलणाऱ्या मुलीला मी कशाच्या भरवशावर घेऊ?"

"न्हाई घेतलंसा तरी," माझा आवाज फाटला, पण मी तो चढू दिला नाही, "ही नेऊ नका. तिकडची न्या, ती बुटकी. ती जगतील."

आईनं मटकन खाली बसकण मारली. तिला बिचारीला फक्त एवढंच दिसत होतं की दारात आलेली शाळा पोरीनं स्वतःच्या हातानं घालवली.

तेव्हा तात्या पुढं आले. "सर, चूक माझी बी हाय. म्या वाकून बघायला पायजे हुतं. पोरीनं सांगितलं, म्या मान डुलवली." त्यांनी सरांच्या हातातली ती तुटक्या मुळाची पिशवी घेतली. रोपानं तेवढ्यातच मान टाकायला सुरुवात केली होती. "रोप तयार झालं का न्हाई, हे आमी उंचीवरनं ठरवत न्हाई, सर. उचलून बघतो. उचलल्यावर मान टाकतंय का, एवढंच." मग माझ्याकडं हात केला. "आत्ता हिला उचलून बघितलंसा न्हवं तुमी? उभी हाय की."

सरांनी आधी त्या रोपाकडं बघितलं. मग त्यांनी असं काही विचारलं, जे तोवर मला कुणीच विचारलं नव्हतं. तिन्ही शाळांत नाही, घरीही नाही.

"टोला विहिरीत का टाकलास गं?"

मी म्हणाले, "घंटा झाली की सगळी आत जातात, सर. मला बाहेर उभं केलेलं असतं. ती वाजली की मला कळतं, आता मी एकटीच बाहेर. मला तो आवाज सोसत न्हाई."

खाली बघत सरांनी धोतराचा सोगा झटकला, त्याला काही लागलेलं नव्हतं. मग पोरांना म्हणाले, "ती बुटकी उचला रे." ट्रॉली भरली. जाताना त्यांनी आईकडं बघून सांगितलं, "उद्या साडेदहाला पाठवा तिला. घंटेच्या आत."

ट्रॉली दिसेनाशी झाल्यावर तात्यांनी खिशातलं पातं माझ्यापुढं धरलं. मी रडत रडत एकोणचाळीस पिशव्या उपटल्या, एकोणचाळीस मुळं कापली. आई शेजारी बसून पिशव्या सावलीला लावत होती आणि तीही रडत होती, पण तिचं रडणं वेगळं होतं. संध्याकाळी सगळ्या वाफ्यानं मान टाकली. सतरा गेले. तेवीस राहिले, त्यात तो पहिला, सरांनी तोडलेलाही, राहिला. त्याचं कारण मला अजून कळलेलं नाही. आता मी स्वतः एक नर्सरी चालवते, तरीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोपांनी मान टाकलेलीच होती. त्यांना तसं टाकून मला जाववेना. एकेका पिशवीला झारीनं हळू पाणी घालत बसले, आणि आई शेवटी ओरडली तेव्हा सूर्य पार वर आला होता. मी चिखलाच्या पायांनी पळत सुटले. अडीच मैल. ओढा, मारुतीचं देऊळ, गिरणी. गिरणीवरचं घड्याळ बघितलं, अकराला दहा कमी. घंटा होऊन गेली असणार, दार लागलं असणार, सर दारात उभे असणार. पुन्हा मी बाहेर.

शाळेच्या कोपऱ्यावर वळले आणि जागच्या जागी थांबले.

पटांगणात अख्खी शाळा रांगा धरून उभी होती. पहिलीपासून दहावीपर्यंत. उन्हानं पोरं या पायावरनं त्या पायावर करत होती. वर्गांची दारं उघडी होती, आत कुणी नव्हतं. टोला विहिरीत होता, म्हणून शिपाई तुळईच्या रुळाखाली दगड घेऊन उभा होता. आणि इंगवले सर त्याच्याशेजारी, घड्याळाकडं नव्हे, रस्त्याकडं बघत.

त्यांनी मला बघितलं. नववीच्या रांगेकडं मानेनं खूण केली.

मी जाऊन रांगेच्या शेवटी उभी राहिले. मगच त्यांनी शिपायाला म्हटलं, "हं, वाजव आता."